डॉक्टरसाहेबांना काय द्यायचं

तळोद्याच्या बाजारात एक शेठजी होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. धान्य, कापड आणि डोंगरातून उतरणारा डिंक-मोह असा त्यांचा व्यापार. पण गावात त्यांचं नाव होतं ते भेट देण्यात. लग्न असो, बारसं असो, कोणाची बदली असो, शेठजी काय देतात ते बघायला माणसं मुद्दाम थांबायची.

गावच्या पैलवानानं जत्रेत कुस्ती मारली, तर शेठजींनी त्याला शिसवाची काठी दिली. लोक पोट धरून हसले. तरण्याताठ्या गड्याला कोणी काठी देतं का? त्याच वर्षी पोळ्याला बैल उधळले, गाडी पायावरून गेली आणि उरलेला जन्म तो त्या काठीवर चालला. एका कारकुनाच्या घरी कितीतरी वर्षं मूल नव्हतं, तिथं शेठजींनी पाळणा पाठवला. कारकुनाच्या बायकोवर रडून रडून आंधळी व्हायची वेळ आली. पुढल्या वर्षी पाळण्यात पोरगी होती. ते बाळंतपण मीच केलं, म्हणून खात्रीनं सांगते.

मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. माहेर कळसाडीचं, घरदार शेतीवालं. लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी वर्षभर कोपऱ्यात बसवलं. मग माझ्या थोरल्या भावालाच काय सुचलं देव जाणे, त्यानं मला धुळ्याला सुईणपणाचं शिक्षण घ्यायला धाडलं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. कोपऱ्यात बसून ती आणखी तिखट झाली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. दवाखान्यात नवे डॉक्टरसाहेब आले. पुण्याकडचे, सडेफटिंग, आधी मालवाहू बोटीवर डॉक्टर होते. जग हिंडलेला माणूस. एकदा पार अमेरिकेच्या मधल्या भागात कुठल्याशा बंदरात त्यांची बोट दुरुस्तीला अडकली. हे बसतात होय स्वस्थ? खेचर भाड्यानं घेऊन शिरले जंगलात. तिथं म्हणे माया नावाच्या लोकांची जुनी नगरं आहेत, झाडांनी गिळलेली. डोंगराएवढी दगडी देवळं, त्यांना उभ्या शिडीसारख्या पायऱ्या.

तेव्हापासून या गृहस्थाला त्या लोकांचं वेड लागलं ते लागलंच. खोलीत भिंतभर फोटो. त्यातला एक मला अजून दिसतो. जंगलात उभा केलेला उंच दगड, त्यावर कोरलेला माणूस, डोक्यावर मोठा साज, डोळे समोर रोखलेले. डॉक्टर म्हणायचे, "नर्सबाई, अगदी आपल्या वरच्या पाड्यांवरच्या खांबांसारखा आहे की नाही? तिथं दगड, इथं साग, एवढाच फरक." आमच्या सातपुड्यात मयत माणसाच्या नावानं सागाचा खांब कोरून उभा करतात, घोड्यावर बसलेला माणूस, वर चंद्र-सूर्य. डॉक्टर डोंगरात रोगी बघायला गेले की टेप घेऊन ते खांब मोजत बसायचे. वर हसत म्हणायचे, "माझाही असा एक असावा बुवा."

दुसरं त्यांचं आवडतं म्हणजे मका. माया लोक मानायचे की देवानं माणूस मक्याच्या पिठाचा केला. आधी मातीचा केला, तो विरघळला. लाकडाचा केला, त्याला जीव नव्हता. मग मक्याचा केला, तो टिकला. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत सांगितलं असतं.

आणि होय, मला तो माणूस आवडायचा. आता सत्तरी उलटल्यावर कोणाला भ्यायचं? त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही, मीही नाही. पण रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर त्यांच्या चपला दिसल्या की मला बरं वाटायचं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं की ते पुन्हा त्या माया लोकांच्या देशात जाणार. वर्षभराची रजा मंजूर झाली होती आणि पावसाळ्याच्या आधी मुंबईहून बोट होती. मागच्या खेपेला तिथल्या एका देवळाच्या पायऱ्या ते चढत असताना अंधारून आलं, वाटाड्यानं हाका मारून खाली बोलावलं. "अर्धाच चढलोय, बाई. वर काय आहे ते बघायचं राहिलंय. बघतो आणि परत येतो."

मी म्हटलं, "नक्की परत या." बाकी काही म्हणायचा मला हक्क नव्हता. पण त्या दिवसापासून मला एकच हवं होतं, की हा माणूस परत यावा.

गावात लगेच चर्चा सुरू झाली, डॉक्टरसाहेबांना काय द्यायचं? कोणी म्हणे शाल-नारळ. कोणी म्हणे चांदीचा पेला. मी शेठजींच्या दुकानात जाऊन सांगितलं, "प्रवासाचा माणूस आहे. चांगला होल्डॉल द्या, नाहीतर पाण्याची बाटली द्या, कामाला येईल."

शेठजी गादीवरून हलले नाहीत. अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "बाई, तू माले शिकाडस का? ज्याले जे आवडस, ते त्याले देनं. मन्ही भेट आजपावत चुकनी नही."

"काय देणार ते तरी सांगा."

"दखशी मंग," म्हणाले आणि हसले.

मी माझ्यापुरती गोधडी शिवायला घेतली. कळसाडीहून बहिणीनं तिच्या जुन्या साड्या पाठवल्या, मऊ, धुऊन धुऊन विरलेल्या. मधल्या थरात मी माझं लग्नातलं एक लुगडं घातलं. ते कोणाला दिसणार नव्हतं. बोटीवर गार वारा असतो, असं डॉक्टरच म्हणाले होते.

मग दवाखान्यात काहीतरी बिनसलं. आमचा शिपाई वरच्या पाड्यावरचा भिल्ल, भला माणूस, डॉक्टरांवर जीव. रोज सकाळी त्यांच्या टेबलावर चहा ठेवायचा. एके सकाळी त्यानं चहाची कपबशी दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर ठेवली. त्यातला थोडा मातीवर सांडला. आणि मान खाली घालून निघून गेला.

डॉक्टरांनी हाक मारली. तो थांबला नाही. पुन्हा मारली, तर त्यानं छातीवर मूठ दाबली आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

"याला काय झालं?" डॉक्टर हसून म्हणाले आणि वाकून चहा उचलला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कपाशेजारी सागाच्या पानावर चिमूटभर तांदूळ होते.

हळूहळू डोंगरातले रोगी यायचे थांबले. जे आले ते दारापर्यंत येऊन परत फिरले. एक म्हातारी मात्र आत आली. डॉक्टर खुर्चीत बसले होते, समोर दौत, हातात छाती तपासायची नळी. तिनं खुर्चीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. रिकाम्या खुर्चीकडे बघून रडावं तशी. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय, आजी?" ती त्यांच्या आरपार भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं खुर्चीच्या पायाशी मोहाची फुलं ठेवली आणि गेली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भर सकाळ होती, बाहेर कावळे ओरडत होते, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. हे असलं काही अंधारात झालं असतं तर मी समजू शकले असते.

बाजाराच्या दिवशी डॉक्टर पेठेतून चालले की डोंगरातली माणसं दोन्ही बाजूंना सरकायची, पण बघायची नाहीत. ओढ्यात दगड असला की पाणी बाजूनं जातं, तसं. ते बाजूला सरकणं मला ठाऊक होतं. लग्नघरी मी गेले की माझ्या बाबतीत बायका तेच करायच्या. पण मला निदान अपशकुनी म्हणून तरी बघायचे. डॉक्टरांना बघतच नव्हते.

डॉक्टरांना आधी गंमत वाटली. मग त्यांचं हसणं कमी झालं. एकदा मला म्हणाले, "नर्सबाई, मी दिसतो ना तुम्हाला?"

"दिसता हो! चष्म्याची काच पुसा जरा, मळलीय," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात शेठजींच्या दुकानासमोर डोंगरातून बैलगाडी आली. गाडीवानानं पागोटं काढून हातात धरलेलं होतं. गाडीत गवतात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. शेठजींनी डॉक्टरांना आणि गावातल्या चार लोकांना बोलावणं धाडलं. मीही गेले. गवत सोडलं आणि आत सागाचा खांब निघाला.

काय कोरला होता, सांगते! घोड्यावर बसलेला माणूस, डोक्याला हॅट, डोळ्यांना चष्मा, गळ्यात डॉक्टरची नळी. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. पायाशी मक्याची कणसं. चेहरा इतका हुबेहूब की मी डॉक्टरांकडे बघितलं आणि पुन्हा खांबाकडे, आणि मला खांबाचीच ओळख आधी पटली.

शेठजींचा चेहरा फुलला होता. "तुम्हाले असाच पाहिजे व्हता ना, डॉक्टरसाहेब? तुम्हना माया लोकेसना दगडनागत!"

डॉक्टर आनंदानं वेडे झाले. खांबावरून हात फिरवत राहिले. "शेठजी, यापेक्षा मोठी भेट मला जन्मात मिळाली नाही."

मी गाडीवानाकडे बघत होते. तो डॉक्टरांकडे पाठ करून उभा होता. मला सगळं एकदम समजलं. मी तशीच दवाखान्यात गेले आणि शिपायाला मागच्या अंगणात गाठलं. "खरं सांग. काय केलंत तुम्ही?"

तो खाली बसला. हळूहळू सांगू लागला. खांब कोरणारा म्हातारा म्हणजे याचाच सासरा. शेठजींनी निरोप याच्याच हाती दिला होता. खांबासाठी साग तोडायच्या आधी झाडाला सांगावं लागतं, कोणाचा खांब. नाव झाडाच्या कानात गेलं की ते माणूस त्या बाजूचं झालं. मग मागं राहतं ते नुसतं हिंडणारं, त्याच्याशी बोलायचं नसतं, नाहीतर त्याला वाट सापडत नाही.

"अरे पण मेल्या, जिवंत माणूस रोज तुझ्यासमोर चहा पितो! विचारायचं नाहीस?"

"कोनले इचारू, बाई? शेठ मोठा माणूस. डॉक्टर सोता म्हने, माले खांब पाहिजे. काळा पाणीना पल्याड चालना. आमना म्हातारा मानसं बी असं सांगी ठेवतंस. माले वाटनं, त्यास्नी मरनं ठरायेल शे." आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माले ते त्याना चेहरा दखाता येत नही आते, बाई."

मी परत जाऊन शेठजींना सांगितलं. त्यांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. शेठजी डोंगरातल्या माणसांशी जन्मभर व्यापार करत होते, पण त्यांच्या खांबांपाशी ते कधी थांबले नव्हते. डॉक्टर थांबले होते, पण टेप घेऊन.

डॉक्टर मात्र म्हणाले, "म्हणजे मी माझ्या मरणाला हजर आहे! कोणाला मिळतं हे बघायला?" मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

हसणं दोन दिवस टिकलं. शिपायाची बायको, म्हणजे त्या म्हाताऱ्याची मुलगी, बाळंतपणाला बापाकडे गेली होती. ती अडली. शिपाई धावत माझ्याकडे आला. मी डॉक्टरांना घेऊन निघाले. वैशाखाचं ऊन, पानं झडलेलं रान, दगडसुद्धा तापून फुटतील असं वाटत होतं. पाड्यावर पोचलो तेव्हा ऐन दुपार होती. कुठं पाखरू नाही. घरातून त्या पोरीचं कण्हणं तेवढं येत होतं.

मी आत जाऊन तपासलं. मूल आडवं होतं. माझ्यानं फिरेना. मी बाहेर येऊन म्हटलं, "डॉक्टरांना आत येऊ द्या." म्हातारा दारात आडवा उभा राहिला. डॉक्टर त्याच्यासमोर हातभर अंतरावर होते. तो त्याच्या बोलीत माझ्याशी बोलला, शिपायानं मला अर्थ सांगितला. मेलेलं माणूस बाळंतिणीच्या घरात कसं घेऊ? ते सोबत घेऊन जाईल.

मी ओरडले, पाया पडले, शिव्या दिल्या. म्हातारा हलला नाही. त्याच्याही तोंडावर घाम आणि डोळ्यांत पाणी, त्याची पोर आत मरत होती.

तेव्हा डॉक्टरच हळूच म्हणाले, "नर्सबाई, त्याला विचारा, तुम्ही मेलेल्यांना बोलावता ना कधी?"

मी विचारलं. म्हाताऱ्यानं दार सोडलं. मग आत गेला. सागाच्या पानावर तांदळाची रास घेऊन आला, ती उंबऱ्यावर ठेवली, तिच्यावर मोहाची दारू शिंपडली. आणि डोळे मिटून, गावाबाहेर कोणाला तरी साद घालावी तशी लांबवर हाक मारली. डॉक्टरांच्या नावानं. समोर उभ्या असलेल्या माणसाला इतक्या लांबून हाक मारलेली मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. डॉक्टरांच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यांनी चपला काढल्या आणि तांदूळ ओलांडून आत गेले.

पुढचं सगळं विलक्षण होतं. जी माणसं औषधाची एक पुडी घ्यायला दहा वेळा नाही म्हणायची, ती डॉक्टरांच्या तोंडून शब्द पडायच्या आत धावत होती. पाणी म्हटलं की पाणी. उजेड म्हटलं की दोघांनी कुडाची भिंत उचकटली. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, पण सगळे त्यांचंच ऐकत होते. त्या पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले आणि ते सांगतील तसा श्वास घेतला. डॉक्टरांनी मूल फिरवलं. मुलगी झाली. आधी निळी, मग लाल, मग तिनं असा टाहो फोडला की पार पाड्याच्या शिवेपर्यंत गेला असेल.

आम्ही निघालो तेव्हा म्हाताऱ्यानं सागाची डहाळी घेतली. डॉक्टर पुढं चालत होते आणि तो मागून त्यांच्या पावलांचे ठसे झाडत येत होता, दारापासून पाड्याच्या शिवेपर्यंत. मी मागं वळून बघितलं. धुळीत माझी पावलं होती. शिपायाची होती. डॉक्टरांची नव्हती.

शिवेवर म्हातारा थांबला आणि मला म्हणाला, "त्याला सांग." डॉक्टर माझ्या शेजारी उभे! तरी मला म्हणाला, त्याला सांग, एक वाट आहे. हा पावसाळा त्यानं इथंच काढावा. भादव्यात आमची नवाई होते, नवं पीक आधी देवाला दाखवून मग खातो. त्या दिवशी आमच्यात बसून नव्या मक्याचं कणीस खाल्लं की तो जित्यातला झाला. मेलेलं माणूस नवं धान्य चावत नाही. मग खांब आम्ही जाळून टाकू. पण त्याआधी गेला तर गेला.

उतरताना मी म्हटलं, "ऐकलंत ना? राहा."

डॉक्टरांचे डोळे चमकत होते. "बाई, लक्षात येतंय का तुमच्या? मका! मक्यानं माणूस माणूस होतो! समुद्राच्या त्या टोकाला हेच, या टोकाला हेच!"

"मग खा ना मेलं इथलं कणीस!" मी वाटेतच उभी राहिले. "त्या मक्यासाठी सात समुद्र ओलांडता आणि इथला कोणी हाताला धरून खायला बोलावतंय तर तुम्हाला वेळ नाही?"

"बोट आहे. पुन्हा अशी रजा मिळायची नाही. पुढच्या भादव्यात येतो आणि दोन कणसं खातो. शब्द देतो."

"माझ्यासाठी राहा," असं माझ्या ओठांवर आलं होतं. आलं आणि गेलं. विधवा बाईनं असं बोलायचं नसतं, हे कोपऱ्यात बसून बसून हाडात मुरलं होतं. मी एवढंच म्हटलं, "वर काय असणार आहे त्या देवळाच्या?"

"तेच तर बघायचंय," ते म्हणाले.

जाताना गावानं हार घातले. शेठजी आले, पण हात रिकामे होते. मी गोधडी दिली. डॉक्टरांनी ती ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली आणि म्हणाले, "याच्यात मला तळोद्याची झोप लागेल." मोटार सुटली. शिपाई दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. खांब पुन्हा गाडीत घालून डोंगरात नेला. उभा केल्यावाचून ठेवता येत नाही, असं पाड्यावरचे म्हणाले.

तो भादवा गेला. पुढचाही गेला. असे सात भादवे गेले, मधे युद्धही सुरू झालं. दर नवाईला मी मक्याची कणसं आणून ठेवली, काय करणार, मूर्ख मन.

सातव्या भादव्यानंतरच्या पौषात पुण्याहून डॉक्टरांचा भाऊ आला. तोच चेहरा, फक्त चष्मा नाही. त्यानं सांगितलं, त्या देशातल्या खानावळीतून इतक्या वर्षांनी ट्रंक परत आली, माणूस आला नाही. खेचर घेऊन जंगलात गेले होते. खेचर एकटंच परतलं. बरंच शोधलं म्हणे. देवळाच्या पायऱ्यांपाशी चपला सापडल्या.

"घरच्यांनी दिवस करायचे तरी कशावर?" भाऊ म्हणाला. "इथं त्याचं काही राहिलं असेल तर बघावं म्हणून आलो." आणि पिशवीतून माझी गोधडी काढून माझ्या हातात दिली. ट्रंकेतल्या चिठीवर म्हणे, ही तळोद्याच्या नर्सबाईंची, एवढंच होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी त्याला आधी शेठजींकडे नेलं. शेठजींनी सगळं ऐकलं. डॉक्टर गेल्यापासून त्यांनी कोणाला काही दिलं नव्हतं, नातीच्या लग्नातसुद्धा नाही. त्यांनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. मग म्हणाले, "येक डाव तरी चुकाले पाहिजे व्हती, बाई. येक डाव."

भावाला घेऊन मी डोंगरात गेले. पाड्याच्या वर, मोहाच्या झाडाखाली खांब उभा होता. शेंदूर लावलेला, चष्म्यावर ताजा, हॅटवर वाळलेला. नवाईचं कणीस गळ्याशी बांधलेलं. म्हातारा आता उठू शकत नव्हता, त्याच्या नातीनं आम्हाला वाट दाखवली. तीच, उन्हात निळी जन्मलेली. ती खांबापाशी गेली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं काहीबाही बोलली, हसली, कणसातला एक दाणा काढून खांबाच्या ओठांना चिकटवला. जिवंतपणी ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही, त्याच्याशी आता सगळा पाडा बोलत होता.

भाऊ खांबाला मिठी मारून रडला. मी गोधडी उलगडली आणि खांबाच्या खांद्यांवरून गुंडाळली. मग मीही एक दाणा काढला. "घ्या," म्हटलं, "आता तरी खा." आणि जे त्या वाटेवर ओठांपर्यंत येऊन गेलं होतं, तेही बोलले. भाऊ जवळच होता. ऐकलं असेल तर ऐकलं असेल.

उतरायला लागलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊ एका बाजूनं, मी दुसऱ्या. मागं सळसळ ऐकू आली म्हणून वळले. ती पोर सागाची डहाळी घेऊन आमच्या मागून येत होती, वाट झाडत. मी थांबून नीट बघितलं. तिनं भावाच्या पावलांना हात लावला नव्हता. माझ्याही नाही. ती फक्त आमच्या दोघांच्या मधली धूळ झाडत होती.

मी भावाला काही सांगितलं नाही. थोडी कडेला सरले आणि मधे एका माणसापुरती जागा ठेवून चालत राहिले.